खंडित म्हंजे नक्की येणार! – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलेलं की रोजच्या बोलण्यातला असा कुठला शब्द आहे ज्याचा अर्थ तुमच्या डोळ्यादेखत बदलला, किंवा दुसऱ्याच्या तोंडी भलताच निघाला. पत्रं भरपूर आली, बहुतेक बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी अशी आपल्याच पट्ट्यातली. त्यातली काही घेतलीत. नावं गाळलीत, कुणी शोधत बसू नका.

प्रश्न : मी साताऱ्याची, लग्न होऊन टिळकवाडीत आले. शेजारच्या कन्नड आज्जींना वाटीभर आमटी दिली तर म्हणाल्या "स्वल्प खार आगैत्री". मला वाटलं मीठ जास्त पडलं, मग घरी येऊन आमटीत पाणी आणि बटाटा घातला तर घरचे म्हणाले अळणी केलीस. नंतर त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं तर "खंडित बर्तीनि" म्हणाल्या. म्हंजे येणार का नाही? शब्द तर आपलेच वाटतात, मग असं का होतं? – एक नवीन सूनबाई, टिळकवाडी

येणार, नक्की येणार, वाण तयार ठेवा.

आधी खार बघू. संस्कृतात क्षार म्हंजे झोंबणारा, जाळणारा पदार्थ, झाडं जाळून त्या राखेतनं काढायचे तो. जिभेला झोंबतो एवढाच मुद्दा होता. मराठीत हा शब्द मिठाच्या बाजूला गेला, म्हणून खारं पाणी, खारे दाणे, खारट भाजी. कन्नडमध्ये तो झोंबण्याला धरून राहिला आणि मिरचीकडं गेला, म्हणून खार म्हंजे तिखट. मिठाला ते उप्पु म्हणतात. म्हंजे आज्जींना तुमची सातारी आमटी तिखट लागली, मीठ बरोबर होतं. आणि बघा, आपल्याकडं लोणच्याचा खार म्हणतो त्यात मीठही असतं नि तिखटही, तिथं दोन्ही अर्थ अजून एकत्र आहेत.

खंडितचं तर आमच्याकडं कायमच होतं. खंड म्हंजे तुकडा, खंडित म्हंजे तुटलेलं, वीजपुरवठा खंडित झाला की आपण पंख्याकडं बघत बसतो. कन्नड माणसानं तोच शब्द घेतला पण त्याला दिसलं ते तोडून टाकणं, म्हंजे मधे आता किंतु परंतु काही उरलं नाही, विषय संपला, ठरलं. आपण एक घाव दोन तुकडे म्हणतो तेव्हा आपल्या डोक्यात पण हेच असतं की. त्यामुळं कन्नड माणूस "खंडित" म्हणाला की निर्धास्त राहायचं आणि लाईनमन म्हणाला की मेणबत्ती शोधायची.

आता तुम्ही विचारलंयच तर अजून चार सांगते, नाहीतर रोज एक आमटी बिघडेल. अवकाश. मूळ अर्थ मोकळी जागा. आपण आकाशातल्या पोकळीला अवकाश म्हणतो, नाहीतर "पाहुणे यायला अजून अवकाश आहे" म्हंजे मधे मोकळा वेळ आहे. हिंदीवाल्यांनी त्या मोकळ्या वेळेची सुट्टी केली. कन्नडमध्ये मोकळी जागा म्हंजे शिरकाव करायला वाव, म्हंजे संधी. तर तुमच्या मिस्टरांना ऑफिसात कुणी "ओळ्ळे अवकाश" म्हणालं तर सुट्टी मिळाली समजून बॅग भरू नका, चांगला चान्स आलाय असं म्हणतायत ते. अनुमान आपल्याकडं तर्क, त्यांच्याकडं संशय. तेव्हा तुमच्याबद्दल कुणाला अनुमान आहे असं कानावर आलं तर जरा सावध. प्रपंच आपल्याकडं घरसंसार, चूल, मुलं, किराणा, आणि कन्नडमध्ये प्रपंच म्हंजे अख्खं जग! संस्कृतात सुद्धा तो पसारा, विस्तार असाच होता, आपण तो आवरून आवरून दोन खोल्यांत बसवला. संसार शब्दाचं पण तेच, हिंदीत अजून जग आहे, आपल्याकडं आणि कन्नडमध्ये मात्र नवराबायको आणि भांडी.

व्यवसाय बघा. गीतेत दुसऱ्या अध्यायात "व्यवसायात्मिका बुद्धि" येते, तिथं धंद्याचा काही संबंध नाही, तिथं निश्चय असा अर्थ आहे. निश्चयावरनं नेटानं केलेली मेहनत, मेहनतीवरनं पोटापाण्याचं काम. मराठीत ते काम दुकानात, दवाखान्यात, वकिलीत गेलं, कन्नडमध्ये शेतात गेलं. म्हणून कन्नड पेपरात व्यवसाय दिसला की ती शेतीची बातमी असते. बोलताना मात्र आपल्याकडचे कन्नड शेतकरी ओक्कलतन म्हणतात, व्यवसाय हा तसा पुस्तकी शब्द.

आणि कधी मुलांना घेऊन हायवेनं भुतरामहट्टीला गेलात तर तिथल्या प्राणिसंग्रहालयाला कन्नडमध्ये मृगालय म्हणतात. मराठी माणूस वाचतो आणि म्हणतो हरणं बघायला एवढं तिकीट? पण चूक त्या बोर्डाची नाहीये. जुन्या संस्कृतात मृग म्हंजे कुठलंही रानटी जनावर. सिंह मृगराज झाला तो काय हरणांचा राजा म्हणून नव्हे. वेदात हत्तीला मृग हस्तिन् म्हटलंय, हात असलेलं जनावर, सोंड म्हंजे हात! शिकारीला मृगया म्हणतात. मग शिकारीत सगळ्यात जास्त जे मारलं जायचं त्याच्याच नावावर हळूहळू शब्द लागला आणि मराठीत मृग म्हंजे फक्त हरीण उरलं. इंग्रजीतल्या डिअरचं पण सेम झालंय, तो पण आधी कुठलाही प्राणी होता. कन्नडनं जुना अर्थ ठेवला. आपल्या भागात राहायचा हाच फायदा आहे, आपल्याकडं मेलेला म्हणून सोडलेला अर्थ भिंतीपलीकडच्या घरात खडखडीत जिवंत भेटतो.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर एक काका रोज "शब्दांचे खरे अर्थ" टाकतात. कालचा मेसेज होता की शिक्षा म्हंजे शिक्षण आणि मराठी लोकं चुकीचं वापरतात. हे खरं का? – एक कंटाळलेला पुतण्या, खानापूर

शिक्षा म्हंजे आधी शिकणं, शिकवणं होतं, एवढं खरं. वेदांचे उच्चार शिकवायचं जे शास्त्र त्याचं नावच शिक्षा. हिंदीत ते तसंच राहिलं म्हणून दिल्लीत शिक्षा मंत्रालय आहे. मराठीत ती मास्तरच्या छडीपर्यंत पोचली, आणि फक्त मराठीतच नव्हे, कन्नडमध्ये शिक्षे म्हंजे दंडच. दोन भाषांतल्या कोट्यवधी माणसांनी कित्येक पिढ्या ज्याला शिक्षा म्हटलं ते चुकीचं कसं?

पण काकांशी भांडायचं असेल तर चांगलं हत्यार देते. सम्राट अशोक स्वतःला देवानांप्रिय म्हणवून घ्यायचा, देवांचा लाडका. आपल्याच कर्नाटकात रायचूर जिल्ह्यात मस्की इथं १९१५ साली जो शिलालेख सापडला त्यात देवानांप्रिय आणि अशोक ही दोन्ही नावं एकत्र मिळाली, म्हणून तो एवढा गाजला. पुढं संस्कृत व्याकरणाच्या पुस्तकांत देवानांप्रियचा अर्थ दिलाय मूर्ख! त्याच अशोकानं बाराव्या शिलालेखात सगळ्या पाषंडांचा मान राखा असं लिहिलंय, हा लेख कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीला पण मिळालाय. पाषंड म्हंजे तेव्हा कुठलाही धर्मपंथ, त्यात वाईट काही नव्हतं. त्याचंच आपलं पाखंड, म्हंजे ढोंग. आता काकांना विचारा की मूळ अर्थ तोच खरा अर्थ ना, मग ग्रुपवर तुम्हाला पाखंडी म्हटलं तर चालेल का.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. नातू जेवला की म्हणतो "आज्जी, खतरनाक झालंय". मॅच खतरनाक, शर्ट खतरनाक, देवाची मूर्ती पण खतरनाक. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, मला हे ऐकवत नाही. भाषेचं काय होणार? – एक आज्जी, शहापूर

बाई, तुम्हाला वाईट वाटतंय ते कळतं, पण मी नातवाच्या बाजूनं आहे.

तुम्ही वर्गात निबंध लिहून घेताना "सभेला प्रचंड गर्दी झाली" असं वाक्य कितीदा बरोबर केलं असेल. प्रचंड मधला चंड म्हंजे रागीट, उग्र, चंडी आणि चंडिका तिथनंच. प्रचंड म्हंजे भयानक तापलेला. त्याचा आता नुसता खूप मोठा असा अर्थ झालाय आणि पोरं तर "प्रचंड आवडलं" म्हणतात, कुणालाच काही खुपत नाही. जबरदस्त हा फारसी शब्द, जबर म्हंजे वर, दस्त म्हंजे हात, ज्याचा हात वर तो, म्हंजे बळजबरी करणारा. जबरदस्तीत तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे, आणि जबरदस्त मात्र गाण्याला म्हणतात, जेवणाला म्हणतात. "भयंकर गोड पोरगी आहे" हे तर तुमच्या माझ्या आयांनी म्हटलंय, आणि पोरगीला कुणी घाबरलं नाही.

कौतुकाच्या शब्दांचं असं असतं की ते वापरून वापरून फिके पडतात. छान म्हणून म्हणून छानला जोर राहत नाही मग माणूस जरा लांबचा, धोक्याचा शब्द ओढून आणतो, आणि भीतीचे शब्द मुळातच जोरदार असतात म्हणून पहिला हात तिकडंच जातो. खतरनाकचंही चार वर्षांनी मचूळ पाणी होईल आणि नातवाचा पोरगा अजून काहीतरी भयानक शोधून आणेल. माझी तक्रार एकच, सगळ्यालाच खतरनाक म्हटलं तर आज्जीच्या आमटीला आणि मंगळवारच्या मॅगीला फरक काय राहिला? एवढं त्याला जरूर विचारा.

प्रश्न : आम्ही तीन पिढ्या मिरची लावतो. एका वैद्यांनी त्रिकटु चूर्ण दिलं, कडू असेल म्हणून नाक धरून घेतलं तर जाळ! कटु म्हंजे कडू ना? – एक शेतकरी, संकेश्वर

दादा, तुमचा प्रश्न या वेळचा सगळ्यात आवडता.

त्रिकटुत सुंठ, मिरी आणि पिंपळी असतात. तिन्ही झणझणीत. आयुर्वेदात सहा रस मोजतात, मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. यातला कटु म्हंजे तिखट आणि तिक्त म्हंजे कडू. वैद्यांच्या पुस्तकात कारलं तिक्त आणि मिरी कटु. बोलण्यात मात्र कटुचा कडू झाला आणि तो कारल्याला, कडुनिंबाला जाऊन चिकटला. घरच्या जिभेनं शब्द फिरवला आणि शास्त्रानं जुनाच ठेवला म्हणून तुमचं नाक उगीच धरलं गेलं.

आता तुमच्या पिकाचं नाव. मिरचीच्या नावामागं संस्कृतातलं मरिच आहे आणि मरिच म्हंजे मिरची नव्हेच, काळी मिरी. मिरची आपल्या देशातली नाही, ती अमेरिकेतली, पोर्तुगीज लोकांनी सोळाव्या शतकात आणली, गोवा त्यांनी १५१० साली घेतला आणि गोव्यावरनं घाट चढून वर यायला काय वेळ लागणार. आपल्या लोकांना हे नवीन फळ खाल्ल्यावर मिरीसारखं झोंबलं, म्हणून मिरीच्या नावातनंच त्याचं नाव पाडलं. कन्नडमध्ये तर हे उघडंच दिसतं. मेणसु म्हंजे मिरी, आणि मिरचीला मेणसिनकाई, म्हंजे मिरीचं फळ, मिरीची शेंग समजा. मजा पुढं आहे. मिरची एवढी पसरली की खऱ्या मिरीलाच ओळख सांगायची पाळी आली, कन्नडमध्ये तिला काळुमेणसु म्हणावं लागतं, दाण्यांची मेणसु, आणि आपण पण काळी मिरी म्हणतो. संकेश्वरी आणि ब्याडगी यांनी मूळ मालकिणीला घरात पाहुणी केलं.

जाता जाता बटाटा. आपल्या तालुक्यात रताळी किती पिकतात, एकादशी शिवरात्रीच्या आधी बेळगावच्या मार्केट यार्डात नुसते ढीग, पण बटाटा हे नाव मुळात रताळ्याचं आहे हे त्या ढिगावर बसलेल्यांनाही माहीत नसेल. कॅरिबियन बेटांवरचे लोक रताळ्याला बटाटा म्हणायचे. युरोपच्या लोकांनी ते नाव उचललं, मग दुसरा कंद मिळाला त्यालाही तेच चिकटवलं, आणि पोर्तुगीजांकडनं आपल्याला शब्द मिळेपर्यंत त्याचा धनी बदलला होता. रताळ्याला आपलं जुनं नाव होतंच म्हणून त्याचं काही बिघडलं नाही.

प्रश्न : माझा कोल्हापूरचा मित्र शेतातल्या ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतो, आमच्याकडं टीसी म्हणतात. आमच्या घरात "टीसी जळाली" म्हटल्यावर त्याला वाटलं माझा शाळेचा दाखला जळाला! आणि त्यानं "डीपी बदलला" म्हटल्यावर मी व्हॉट्सअॅप उघडलं. हा पण अर्थ बदलण्याचाच प्रकार का? – एक कॉलेजकुमार, निपाणी

नाही. इथं अर्थ सरकलेला नाही, वेगवेगळ्या लांब नावांची आद्याक्षरं योगायोगानं सारखी झालीत. दाखल्याची टीसी, रेल्वेतला टीसी आणि बांधावरची टीसी यांचं आपसात काही नातं नाही. खरा सरकलेला शब्द पाहिजे असेल तर रील घ्या. आधी दोऱ्याचं रीळ, मग तसंच गुंडाळलेलं सिनेमाचं रीळ, आणि आता मोबाईलवरची रील, ज्यात गुंडाळलेलं काहीच नसतं, बघणारा सोडून.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत आहे. जुने पालक "बाई" म्हणतात ते गोड वाटतं. परवा एका कार्यालयात गेले तर तिथला माणूस म्हणाला "ओ बाई, लाईनीत थांबा" आणि डोक्यात तिडीक गेली. शब्द तोच ना? मग राग का आला? – एक शिक्षिका, येळ्ळूर

शब्द तोच आहे पण त्याच्या पायऱ्या खूप झाल्यात, तुम्ही वरच्या पायरीवर उभ्या होता आणि त्यानं खालच्या पायरीवरनं हाक मारली.

जिजाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, तिथं बाई हा मानच. मग शाळेतल्या बाई, तिथंही मान, थोडा धाक. मग "आम्ही धुण्याभांड्याला बाई लावलीय". आणि "बाई ठेवणं" वगैरे तर सांगायलाच नको. हे कसं होतं? गरिबाघरच्या बाईला नावानं हाक मारणं बरं दिसत नाही म्हणून माणूस सभ्यपणे मानाचा शब्द वापरतो, पण तिला वागवतो मात्र तसंच, आणि मग शब्द तिला वर काढायच्या ऐवजी स्वतःच खाली येतो. मावशीचं तेच झालं. दवाखान्यात मावशी म्हंजे फरशी पुसणारी, आईची बहीण नव्हे. यानंतर ताईचा नंबर लागणार बघा.

पुरुषांच्या शब्दांना ही उतरंड इतकी लागत नाही हे मला टोचतं. साहेब बघा. अरबीत साहिब म्हंजे सोबती, बरोबरचा माणूस. तिथनं मालक, मग गोरा अधिकारी, मग आपला अधिकारी. सोबत्याचा साहेब झाला आणि मानाच्या बाईची मोलकरीण झाली. दादा तेवढा बिघडला, पण तो सुद्धा बिघडून दादागिरी करण्याइतका जोरात!

तुमच्या कन्नड सहकारी भेटल्या तर बघा, आपल्याकडच्या कन्नड शाळांत पोरं बाईंना अक्कोर म्हणतात, अक्का म्हंजे थोरली बहीण आणि त्याला आदराचं शेपूट. तो शब्द अजून शाबूत आहे. त्यांची तायी म्हंजे आई आणि आपली ताई म्हंजे थोरली बहीण. त्यांचा अण्णा थोरला भाऊ, आपल्या कितीतरी घरांत वडलांना अण्णा म्हणतात, आणि मुंबईत गेलं की अण्णा म्हंजे इडलीवाला.

मला विचाराल तर मॅडमच्या मागं लागू नका. बाई हाच शब्द धरा, आणि त्या माणसाला पुढच्या वेळी सांगा, बाई म्हणा पण "अहो बाई" म्हणा. निम्मा फरक त्या अहोनं पडतो, आणि उरलेला फरक त्यानं खुर्ची दिली तर.

प्रश्न : हॉस्टेलात कन्नड मित्र "एण्णे" म्हणतात आणि डोळा मारतात. एण्णे म्हंजे तेल ना? – एक विद्यार्थी, बेळगाव

तेलच. पण पोरांच्या बोलीत दारू. हा अर्थ बऱ्यापैकी नवा आहे आणि घरी वापरायचा नाही.

तेलाची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. तीळ म्हंजे संस्कृतात तिल, तिळापासनं निघालं ते तैल. म्हंजे तेल शब्दाचा अर्थच तिळाचं तेल, आणि आता आपण शेंगतेल, खोबरेल तेल, इंजिनचं तेल सगळंच म्हणतो, आणि तिळाच्या तेलाला परत तिळाचं तेल म्हणावं लागतं. आता कन्नड बघा. संक्रांतीला आपण तिळगूळ वाटतो, ते एळ्ळु बेल्ल वाटतात. एळ्ळु म्हंजे तीळ. त्या एळ् ला नेय् म्हंजे तूप, स्निग्ध पदार्थ, जोडलं आणि एण्णे झालं, तिळाचं तूप. तिथंही पुढं कुठलंही तेल एण्णेच. दोन वेगळ्या कुळातल्या भाषा, एकमेकींना न विचारता एकाच घाण्यावर पोचल्या, कारण दोघींकडं आधी तिळाचंच तेल होतं. त्यांची एण्णे पुढं बाटलीत पण गेली, आपलं तेल अजून कढईत आहे.

मेसमध्ये डोशावर तेल कमी पडलं तर एण्णे बिनधास्त मागा, फक्त रात्री दहानंतर वॉर्डनसमोर मागू नका, त्यांना दोन्ही अर्थ येतात.